अल्जेब्रा टाइल्सचा फोमचा संच: तीन तासिका चोख, पुढे वही-पेन्सिलच बरी

जळगाव-धुळ्याच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत अल्जेब्रा टाइल्सचा, म्हणजे बीजगणितातली पदं हाताने मांडून दाखवायच्या तुकड्यांचा, फोमचा एक संच सध्या सर्रास दिसतो. खोक्यावर रंगीत चौकोन आणि हसरी पोरं आहेत, बनवणाऱ्याचं नाव मात्र धड वाचता येत नाही. किंमत साडेतीनशे रुपयांच्या आसपास. सातवी-आठवीला बहुपदीला (अनेक पदांच्या राशीला) एकपदीने (एकाच पदाने) गुणायचा भाग शिकवताना हा संच किती उपयोगी पडतो, तेवढंच इथे तपासलं आहे. बेरीज-वजाबाकीलाही तो चालतो, पण तेवढ्यासाठी पैसे घालायची गरज नाही. ते काम फळ्यावर भागतं.

आत एकूण ३६ तुकडे निघतात: ४ मोठे चौरस, १२ लांब पट्ट्या आणि २० छोटे चौरस. छोटा चौरस म्हणजे १, पट्टी म्हणजे क्ष, मोठा चौरस म्हणजे क्ष². (तुकड्यांवर इंग्रजी एक्स छापलाय, इथे लिहिताना क्ष.) पुढची बाजू निळी, हिरवी किंवा पिवळी आणि मागची सगळ्यांची लाल. लाल म्हणजे ऋण. सोबत गुणाकारासाठी उलट्या एलसारखी चौकट छापलेली मॅट, २४ सराव कार्डं आणि फक्त इंग्रजीतलं माहितीपत्रक. वितरण गुणधर्म, सहगुणक, घातांक, सजातीय पदं हे शब्द पोरांना मराठीतून माहीत असतात, त्यामुळे ते पत्रक शिक्षकाने आधी स्वतः वाचून बाजूला ठेवावं.

संच खरोखर कुठे कामाला येतो ते २क्ष(२क्ष + ३) मांडून पाहिलं की कळतं. चौकटीच्या डाव्या कडेला दोन पट्ट्या उभ्या, एकीखाली एक. वरच्या कडेला दोन पट्ट्या आडव्या, एकीपुढे एक, आणि त्यांना लागून तीन छोटे चौरस. आता आतली जागा भरायची. पट्टीसमोर पट्टी येते तिथे मोठा चौरस बसतो, असे चार. पट्टीसमोर छोटा चौरस येतो तिथे उभी पट्टी बसते, अशा सहा. आतले तुकडे मोजले की उत्तर हातात: ४क्ष² + ६क्ष. वरचे ते ३ विसरले तर उजवीकडे सहा पट्ट्यांएवढी जागा उघडी राहते आणि ती मुलाच्या डोळ्यांत खुपते. फळ्यावर बाण काढून वितरण गुणधर्म (बाहेरच्या पदाने कंसातल्या प्रत्येक पदाला गुणायचं) दाखवला तर सुटलेलं पद इतकं डोळ्यांत खुपत नाही. क्ष गुणिले क्ष म्हणजे २क्ष नाही, हेही सांगावं लागत नाही, कारण त्या जागेत दोन पट्ट्या ठेवल्या तर त्या पुरतच नाहीत.

मांडताना हमखास होणारी चूक म्हणजे डाव्या कडेला पट्टी आडवी ठेवणं. कडेला पट्टीची लांबी लागायला हवी, रुंदी नव्हे. दोन्ही पट्ट्या आडव्या ठेवल्या तर कडेची उंची २क्ष न राहता नुसती २ होते, आणि आत ४ पट्ट्या व ६ छोटे चौरस बसून उत्तर ४क्ष + ६ येतं. म्हणजे पोराने बरोबर भरलं, पण दुसरंच गणित सोडवलं. गटात फिरताना उत्तरात एकही मोठा चौरस नसेल तर आधी डावी कड बघायची. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नाही.

आता मोठी खोट. छोट्या चौरसाची बाजू बरोबर २ सेंटीमीटर आहे आणि पट्टीची लांबी बरोबर १०. म्हणजे पट्टीशेजारी पाच छोटे चौरस लावले की ते तंतोतंत बसतात, आणि मूल क्ष = ५ ठरवून मोकळं होतं. पुढे चौरसात २५ मोजतं, ४क्ष² + ६क्ष चे १३० करून दाखवतं. त्याची चूक नाही, साधनानेच तसं सांगितलं. टाइल्समध्ये क्ष ची लांबी एककाच्या पटीत मुद्दाम ठेवायची नसते, म्हणजे मोजून क्ष ठरवता येत नाही आणि तो अज्ञातच राहतो. बनवणाऱ्याने कापायला सोपं म्हणून १० धरलं असावं.

दुरुस्ती अवघड नाही. स्टीलची पट्टी आणि पेपर कटर घेऊन प्रत्येक लांब पट्टीची लांबी ७ मिलिमीटरने कमी करायची, म्हणजे ९.३ सेंटीमीटर. मोठ्या चौरसाच्या दोन लगतच्या बाजू तशाच ७-७ मिलिमीटरने कापायच्या. छोटे चौरस जसेच्या तसे. आता चार चौरस लावले तर कमी पडतात आणि पाच लावले तर बाहेर येतात. मॅटच्या पुढच्या बाजूला दोन सेंटीमीटरच्या चौकटी छापल्यात, त्यांच्यावरही पोरं मोजतात. मागची कोरी बाजू वापरायची आणि खडूने किंवा मार्करने दोन रेघा ओढून चौकट करायची.

ही चौकट हाताने काढण्याचा आणखी एक फायदा आहे, कारण तुकडे मुळात कमी आहेत. कडांवरही तुकडे मांडायचे म्हटलं तर २क्ष(२क्ष + ४) ला बरोबर बाराच्या बारा पट्ट्या संपतात: कडांवर ४ आणि आत ८. २क्ष(२क्ष + ५) होतच नाही. ३(२क्ष + ५) सारख्या साध्या गणितातही छोटे चौरस २३ लागतात आणि आहेत २०. कडांवर तुकडे न ठेवता नुसत्या खुणा करून ‘क्ष, क्ष, १, १, १’ असं लिहिलं की सगळे तुकडे आतल्या उत्तरासाठी मोकळे राहतात, आणि ही दोन्ही गणितं बसतात. ३क्ष(२क्ष + ५) ला मात्र आतच ६ मोठे चौरस आणि १५ पट्ट्या हव्यात, तिथे दोन संच एकत्र केल्याशिवाय गत्यंतर नाही. गंमत म्हणजे कार्ड क्रमांक ९ वर हेच गणित आहे. ज्याने कार्डं छापली त्याने खोक्यातले तुकडे मोजले नव्हते.

कार्डांबद्दल बरंच बोलण्यासारखं आहे. पहिलं कार्ड थेट ३(क्ष + २) ने सुरू होतं. त्याआधी एक कार्ड नुसत्या आकड्यांचं हवं होतं, आणि खान्देशात तर ते शोधायला लांब जायला नको. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त गुणाकाराचं उदाहरण आहे १३५ गुणिले १२ चं. १२ चे ८ आणि ४ असे खंड करायचे: १३५ × ८ = १०८०, १३५ × ४ = ५४०, मिळून १६२०. किंवा १२ म्हणजे २० उणे ८ धरायचे: २७०० − १०८०, पुन्हा १६२०. पहिल्या रीतीत अधिकचा कंस आहे आणि दुसरीत उण्याचा, आणि दोन्हीत बाहेरची संख्या आतल्या दोघांनाही लागते. हे दोन गुणाकार पोरांनी आधी वहीत केले की २क्ष(क्ष − ३) मधलं उणं चिन्ह परकं वाटत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

शाब्दिक उदाहरणांची कार्डं स्विमिंग पूल आणि पिझ्झाच्या तुकड्यांची आहेत. रावेर-यावलच्या पोराला केळीची बाग द्या: एका ओळीत (२क्ष + ५) रोपं, ओळी ३क्ष, एकूण रोपं किती? उत्तर ६क्ष² + १५क्ष. क्ष = १० धरला तर ओळीत २५ रोपं, ओळी ३०, एकूण ७५०; आणि ६०० + १५० सुद्धा ७५०. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत असा हिशेब घरातच चालतो, त्यामुळे वडिलांना विचारून आकडा तपासतासुद्धा येतो. कपाशीच्या गावात वेचणीची मजुरी घ्या. दर किलोला क्ष रुपये, तिघींनी वेचला ४०, ३५ आणि ५२ किलो. मजुरी क्ष(४० + ३५ + ५२). ३क्ष(२क्ष + ५) = ६क्ष² + ५ लिहिणारं पोर म्हणजे पहिलीला मजुरी मोजून देणारा आणि बाकीच्यांना नुसते किलो सांगून घरी पाठवणारा मुकादम. वर्गात एवढं म्हटलं की हशा पिकतो आणि चूकही सापडते.

ऋण चिन्हाचा भाग संचाची सगळ्यात कमकुवत बाजू आहे. −२क्ष(क्ष − ३) मांडताना डावीकडे दोन लाल पट्ट्या, वर एक हिरवी पट्टी आणि तीन लाल चौरस. आत भरताना नियम असा की एक लाल आणि एक साधा भेटला की लाल, दोन लाल भेटले की साधा. उत्तर येतं: दोन लाल मोठे चौरस आणि सहा हिरव्या पट्ट्या, म्हणजे −२क्ष² + ६क्ष. उत्तर बरोबर, पण दोन लाल भेटल्यावर हिरवं का, याचं उत्तर फोमच्या तुकड्यात नाही. ऋण लांबीची पट्टी असते का, असं एखाद्या हुशार पोराने विचारलं तर संच गप्प बसतो. इथे उतरत्या क्रमाची जुनीच युक्ती बरी: २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ०; डावीकडची संख्या एकेकाने कमी होतेय आणि उत्तर तीन-तीनने वाढतंय, म्हणून (−१) × (−३) = ३. हे वहीत आधी झालं असेल तरच लाल तुकडे काढावेत. नाहीतर पोरं रंगांचा नियम पाठ करतात आणि परीक्षेत रंग नसतात.

कार्ड क्रमांक १७ तर सरळ फाडून टाकावं. तिथे −३क्ष(२क्ष² − ४क्ष + १) विचारलंय. एक तर क्ष आणि क्ष² चा गुणाकार क्ष³ होतो आणि तो सपाट टाइल्सवर मांडताच येत नाही, त्यासाठी घन लागेल. दुसरं म्हणजे उत्तरपत्रिकेत −६क्ष³ − १२क्ष² − ३क्ष छापलंय. मधलं पद धन हवं: −३क्ष गुणिले −४क्ष म्हणजे +१२क्ष². बरोबर उत्तर −६क्ष³ + १२क्ष² − ३क्ष. क्ष = १० घातला तर मूळ राशी −३० × १६१ = −४८३० होते. बरोबर उत्तराची किंमतही −६००० + १२०० − ३० = −४८३०, आणि छापलेल्या उत्तराची −७२३०.

ताळा कसा करायचा, हे तर कार्डांच्या पाठीवर चुकीचंच सांगितलंय. ‘क्ष च्या जागी १ ठेवून तपासा’ असं तिथे आहे. १ ने सहगुणक आणि चिन्हं तपासली जातात, घातांक नाहीत, कारण १ चा कुठलाही घात १ च. पोराने ६क्ष² + १५क्ष ची बेरीज करून २१क्ष³ लिहिलं (विजातीय पदं मिळवणं ही या धड्यातली दुसऱ्या नंबरची चूक) तर १ ठेवल्यावर दोन्हीकडे २१ येतात आणि चूक बिनबोभाट सुटते. काही शिक्षक २ ठेवायला सांगतात. तोही फसवा, कारण २ × २ आणि २ + २ सारखेच, त्यामुळे क्ष × क्ष = २क्ष ही चूक त्यातून निसटते. ० तर विचारूच नका. ठेवायचा तर १० ठेवावा. गुणाकार तोंडी होतो आणि घातांक चुकला की किंमत एकदम दुसऱ्याच घरात जाते: ७५० च्या जागी २१,००० दिसले की पोर स्वतःच कान पकडतं. चिन्हांसाठी वेगळा ताळा लागत नाही, तेही यातच निघतं.

तीन तासिकांनंतर टाइल्स कपाटात ठेवाव्यात आणि वहीत कोठे, म्हणजे चौकोनी रकाने, आखायला लावावेत. डावीकडे एकपदी, वर बहुपदीचं प्रत्येक पद त्याच्या चिन्हासकट वेगळ्या कोठ्यात, आणि प्रत्येक कोठ्यात एक गुणाकार. टाइल्सचीच चौकट, फक्त मापाशिवाय. यात क्ष³ बसतो, अपूर्णांक बसतात, दोन चलंही बसतात: २अब(३अ − ५ब + ४) ला तीन कोठे, ६अ²ब, −१०अब², ८अब. कोठ्यांत क्रम एकच ठेवायचा: आधी चिन्ह, मग सहगुणक, मग अक्षरागणिक घातांकांची बेरीज. घातांकांचा गुणाकार करणारी पोरं (क्ष² × क्ष³ = क्ष⁶) इथे पकडली जातात, कारण कोठ्याशेजारी ‘२ + ३’ लिहायला लावता येतं. आणखी एक, ४क्ष(क्ष² − क्ष + १) मधला शेवटचा १ पोरं खाऊन टाकतात, ‘१ ने गुणून काय बदलतं’ म्हणून. कोठा रिकामा दिसला की त्यात ४क्ष लिहावंच लागतं.

कोठ्यांच्याही पुढचा टप्पा म्हणजे कंसाबाहेर आणखी पद असलेली गणितं: ७ − २(क्ष + ३). इथे बरीच पोरं आधी ७ मधून २ वजा करून ५(क्ष + ३) लिहितात. गुणणारा −२ आहे, आणि ७ बाजूला उभा आहे: ७ − २क्ष − ६ = १ − २क्ष. कार्डांत असं एकही गणित नाही, आणि परीक्षेत हमखास असतं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर फोम बरा आहे, वरचा रंगीत स्टिकर मात्र बरा नाही. लाल बाजूचा गोंद उन्हाने सुटतो. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि शाळेचं पत्र्याचं कपाट तापतं. जूनमध्ये पेटी उघडली की तुकडे एकमेकांना चिकटलेले निघतात. ठेवताना लाल बाजूला लाल बाजू लावू नये, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि पेटी खालच्या फळीवर ठेवावी.

चाळीस पोरांच्या वर्गाला चौघांत एक धरले तरी दहा संच, म्हणजे साडेतीन हजार रुपये, आणि तेही कापून दुरुस्त करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत यापेक्षा घरी केलेले बरे. ए-४ मापाचा जाड पुठ्ठा घ्या. एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला लाल घोटीव कागद फेव्हिकॉलने चिकटवा. दोन्ही बाजूंना कागद हवाच, एकाच बाजूला चिकटवला तर वाळताना पुठ्ठा वाकतो. रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा आणि मगच कापा. माप असं धरा: एकक २ सेंटीमीटर, क्ष ७.३ सेंटीमीटर. ७.३ का, तर तो २ च्या पटीत नाही, आणि चार वेळा घेतला की २९.२ होतात, म्हणजे ए-४ च्या २९.७ लांबीत चपखल बसतात. रुंदीत दोन चौरस घेतले की १४.६ जातात, उरलेल्या ६.४ मध्ये दोन सेंटीमीटरच्या तीन पट्ट्या निघतात. म्हणजे एका पुठ्ठ्यातून ८ मोठे चौरस आणि १२ पट्ट्या. दुसऱ्या पुठ्ठ्यातून आणखी १२ पट्ट्या आणि हवे तेवढे एकक. दोन पुठ्ठ्यांत ३क्ष(२क्ष + ५) आरामात मांडता येईल असा संच तयार. सगळे तुकडे एकाच निळ्या रंगाचे झाले तरी बिघडत नाही. आकारावरून ओळखता येतात.

विकत घेण्याचं एक कारण मात्र मान्य करावं लागेल. आठवीला सामाईक अवयव काढताना हेच तुकडे उलट्या दिशेने चालतात: ४ मोठे चौरस आणि ६ पट्ट्या द्यायच्या आणि आयत करायला सांगायचं. काही गट २क्ष उंचीचा आणि २क्ष + ३ रुंदीचा करतात, काही क्ष उंचीचा आणि ४क्ष + ६ रुंदीचा. दोन्ही आयत बरोबर, पण दुसऱ्याच्या कंसात अजून २ सामाईक उरतो. त्यावर जी चर्चा होते ती फोमच्या जाड तुकड्यांनी जास्त रंगते, पुठ्ठे सारखे सरकतात. त्यासाठी शाळेत एक-दोन संच असायला हरकत नाही. घेताना दुकानातच पेटी उघडायला लावा, एका लांब पट्टीशेजारी पाच छोटे चौरस लावून बघा. तंतोतंत बसले तर कापाकापीचं काम आहे हे धरून किंमत बोला.